खाऱ्या हवेतली जुनी छऱ्याची बंदूक: घेण्याआधी काय उघडून पाहायचं

किनाऱ्यालगतच्या गावात कुणी जुनी एअर रायफल विकायला काढली आणि ती काळी कुळकुळीत, चकचकीत दिसली, की मला पहिली शंका तिथेच येते. पन्नास-साठ पावसाळे काढलेलं पोलाद असं दिसत नाही. कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय, वर काळा रंग चढवलाय आणि शिक्के अर्धे घासून टाकलेत. याउलट पोटमाळ्यावरून काढलेली, धुळीने माखलेली, तपकिरी गंजाची साय धरलेली, पण एकही स्क्रू न हललेली बंदूक दिसली तर थांबून नीट पाहावं. गंज बऱ्याचदा काढता येतो. घासून गेलेला शिक्का परत आणता येत नाही.

पण मेक आणि मॉडेल पाहायच्या आधी भोक मोजा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअर रायफलचा बोअर .१७७ इंचापेक्षा (४.५ मिमी) मोठा असेल किंवा तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा (१५ फूट-पाउंड) जास्त असेल, तर परवाना लागतो. जुन्या विलायती बंदुका .१७७ आणि .२२ अशा दोन्हींत बनल्या आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. तपासायची सोपी रीत म्हणजे ५ मिमी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू. ती नळीच्या तोंडात, जोर न लावता, कडेला ओरखडा न पाडता टेकवून बघा. आत गेली तर ती 'पॉइंट टू-टू' आहे, वरच अडली तर .१७७. इंग्लंडच्या बीएसए कंपनीच्या जुन्या बंदुकांवर बोअरचा नंबरही मारलेला असतो: १ म्हणजे .१७७, २ म्हणजे .२२, ३ म्हणजे .२५.

टू-टू निघाली आणि कागद नसले तर ती घेऊ नका, 'आजोबांच्या काळची आहे, कोण विचारतंय' हे कितीही वेळा ऐकवलं तरी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये पुरातन आणि निकामी शस्त्रांना सवलत आहे, पण दुरुस्त करूनसुद्धा चालू शकणार नाही अशा शस्त्रांपुरतीच. नवी स्प्रिंग आणि वॉशर टाकला की धडधडीत चालणारी बीएसए त्यात बसत नाही. घरच्यांना पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत रीतसर चौकशी करायला सांगा आणि तिथून उठा.

ऊर्जेची काळजी .१७७ मध्ये सहसा पडत नाही. ०.५२ ग्रॅमचा छर्रा २० ज्यूलला पोचायला सेकंदाला २७५ मीटरच्या वर जावा लागतो. तब्येतीत असलेली डायना २७ ही जर्मन बंदूक त्याच छऱ्याला १७०-१८० मीटर देते, म्हणजे आठ ज्यूलच्या आसपास. डायना ३५ त्याहून थोडी जोरकस.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागायतदारांना जुनी बंदूक हवी असते ती बरेचदा माकडांसाठी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आहे, आणि छर्रा लागलेलं जनावर जागेवर मरत नाही, जखम सडून आठवडाभर हाल काढतं. त्या कामासाठी ही बंदूक नाही. मागे मातीचा उतार किंवा वाळूची पोती रचून कागदी टार्गेटवर मारा. जांभ्याच्या गडग्यावर मारू नका, छर्रा उलटून येतो.

आता शोधायचं काय? विलायती मालात मान बीएसएचा. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीजने १९०४ मध्ये पेटंट घेतलेली रचना बीएसएने १९०५ पासून बनवली: नळी घट्ट बसवलेली, खाली ताणायचा दांडा आणि छर्रा घालायला हाताने फिरवायची तोटी. हा घाट १९३९ पर्यंत चालला. पहिल्या महायुद्धानंतरच्या बंदुकांवर नंबरच्या आधी एल असेल तर ती हलकी .१७७, एस असेल तर स्टँडर्ड .२२, म्हणून आपल्याकडे एल दिसली की आधी उचलावी. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हा बीएसएचा शिक्का. युद्धानंतर १९४८ मध्ये एअरस्पोर्टर आली. तिची तोटी दांडा ओढताना आपोआप उघडते. १९५९ ची मीटिऑर मोडून भरायची, म्हणजे नळीच सांध्यात वाकवून ताणायची, साधी, आणि तिचे भाग त्या मानाने लवकर जुळतात. वेब्लीची मार्क ३ हीसुद्धा खालच्या दांड्याची. फिनिशच्या बाबतीत ती मला बीएसएपेक्षा उजवी वाटते.

जर्मन मालात रास्टाटची डायना. १८९० पासूनचा हा कारखाना. शिक्क्यात देवी धनुष्यबाण टाकून बंदूक उंचावताना दिसते. इथे एक घोळ लक्षात ठेवायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर डायना हे नाव आणि यंत्रसामग्री स्कॉटलंडच्या मिलब्रोकडे गेली. त्यामुळे काही दशकं 'डायना' लिहिलेली बंदूक ब्रिटिश असू शकते आणि खरी रास्टाटची बंदूक ब्रिटनच्या बाजारात 'ओरिजिनल' नावाने विकली जात होती. 'मेड इन ग्रेट ब्रिटन' असेल तर ती मिलब्रो. ती वाईट नाही, पण जर्मन २७ चे पैसे तिला देऊ नयेत. रास्टाटच्या युद्धोत्तर बंदुकांवर सिलिंडरच्या मागच्या टोकाला बारीक आकड्यांत महिना आणि साल ठोकलेलं असतं. दस्त्याच्या कडेला गंजाखाली ते दडलेलं सापडतं. पंचकोनात एफ असा शिक्का असेल तर बंदूक १९७० नंतरची, जर्मनीतल्या ७.५ ज्यूलच्या मर्यादेतली.

देशी मालाला हलकं समजू नका. आयएचपी आणि नॅशनलच्या, डायना ३५ च्या धर्तीवरच्या बंदुका आता कमी होत चालल्यात आणि मूळ अवस्थेतली एखादी मिळाली तर जरूर जपावी. टाळायची ती जत्रेतली फुगे फोडायची बंदूक. तिची नळी आतून गुळगुळीत झालेली, चाप कानशीने घासलेला, माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) वाकवलेली, आणि इतक्या जोडण्या केलेल्या की मूळ काय होतं तेच कळत नाही.

शोध कुठे घ्यायचा, तर दापोलीसारख्या जुन्या कॅम्पच्या गावात, सावंतवाडीच्या जुन्या वाड्यांत, आणि बोटीवर नोकरी केलेल्या माणसांच्या घरी. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी आले की घरं उघडतात, माळे साफ होतात. सौदा तेव्हाच होतो, कारण घरातले सगळे वाटेकरी एकत्र असतात. एकाने विकली आणि दुसरा महिन्याने मागायला आला, हे टाळायचं असेल तर सगळ्यांसमोर बोला.

हातात घेतल्यावर आधी स्क्रूंची डोकी बघा. खाचा सरळ आणि कडा धारदार असतील तर बंदूक उघडलेली नाही किंवा जाणत्याने उघडली आहे. खाचा फाटल्या असतील तर आत काहीही असू शकतं. मग शिक्के. अक्षरांच्या कडा बोटाला लागल्या पाहिजेत. अक्षरं उथळ आणि आजूबाजूचा पत्रा किंचित खोलगट लागला तर बफिंग झालंय. सिलिंडरच्या टोकाच्या कडा गोलावल्या असतील तर तेच.

दस्ता विलायती असेल तर बहुधा अक्रोडाचा, जर्मन असेल तर बीचचा. इथल्या सुताराने बदलून दिलेला दस्ता सागाचा, शिवणीचा किंवा फणसाचा असतो. फणसाचा लगेच ओळखू येतो, पिवळा असतो आणि जुना होत तांबूस तपकिरी होतो. काम सुबक असलं तरी संग्रहाच्या दृष्टीने तो बदललेला दस्ता, आणि किंमत त्याप्रमाणे खाली यायला हवी. चापाच्या मागे मुठीशी आणि पुढच्या दोन स्क्रूंच्या भोकांशी तडा बघा. बीचला कीड लवकर लागते. दस्ता कागदावर उभा आपटला आणि पीठ पडलं तर किडा अजून आत असू शकतो.

आता मुख्य गोष्ट. दस्ता उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. तीन-चार स्क्रूंचं काम आहे, विकणाऱ्याने नाही म्हटलं तर तेच उत्तर समजा. खारी हवा वरून जेवढं नुकसान करते त्याच्या कैक पट लाकडाखाली करते. लाकूड ओल धरतं, त्या ओलीत मीठ असतं, आणि सिलिंडरचा खालचा भाग वर्षानुवर्षं त्याला चिकटून असतो. वरून ठीकठाक दिसणाऱ्या बंदुकीला खाली नखाएवढे खड्डे पडलेले असू शकतात. ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) गेलं आणि पृष्ठभाग तपकिरी झाला इथवर ठीक. टोकदार सुईने टोचल्यावर गंजाचे पापुद्रे निघाले आणि खाली खड्डा लागला, तर तो किती खोल आहे बघा. सिलिंडर हा पिस्टनचा मार्ग आहे, तिथला पत्रा पातळ झाला तर दुरुस्ती नाही. दांडा जिथून सरकतो त्या लांब खाचेच्या कडाही पाहा, तिथून आत डोकावून पिस्टन आणि स्प्रिंग दिसते. स्प्रिंगवर लाल गंज असेल तर ती गेली असं धरून चाला, स्प्रिंग बदलता येते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला लाल चट्टे दिसले तर मात्र सौदा सोडावा.

नळी सरळ आहे का ते उजेडाकडे धरून, रिकामी आणि न ताणलेली असताना बघा. आत दिसणारी गोल वलयं एकात एक मध्यावर असली पाहिजेत. मोडून भरायच्या बंदुकीत नळी उघडी असताना कुणी चाप ओढला तर ती झटक्याने वर येऊन वाकते, आणि त्याच वेळी दस्त्याला मुठीशी तडा जातो. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर हेच घडलंय. तोटीच्या बंदुकीत तोटी भरायच्या जागी फिरवून तिचं भोक बघा, मग बंद करून तोंडातून उजेड टाका. तोटीचं भोक आणि नळीचं भोक नेमकं समोरासमोर आलं पाहिजे. चंद्रकोरीसारखी कड दिसली तर छर्रा तिथे खरवडला जाणार.

चालवून पाहताना रिकामी मारू देऊ नका. पुढे छऱ्याचा अडथळा नसला की हवेची गादी बनत नाही, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो, आणि साठ वर्षांचा सुकलेला वॉशर त्या एका फटक्यात फुटतो. छर्रे सोबत न्या. ताणून, तोंड मातीकडे ठेवून, नळी किंवा दांडा एका हाताने घट्ट धरून दस्त्याच्या टाचेला तळहाताने थोपटा. अटक (ताणलेला पिस्टन धरून ठेवणारा खटका) सुटली तर खाच झिजली आहे. अशी बंदूक छर्रा भरताना बोट कापू शकते, म्हणून भरताना नळी हातातून कधीच सोडायची नाही. मग सांध्याजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरून एक छर्रा मारा. पट्टी उडाली तर सांध्याचा वॉशर गळतोय, ते काम किरकोळ. पट्टी हलली नाही आणि तरी छर्रा मेल्यासारखा गेला, तर पिस्टनचा वॉशर किंवा स्प्रिंग.

व्यवहार कागदावर करा. विकणाऱ्याचं नाव-पत्ता, ओळखपत्राची प्रत, मेक, मॉडेल, नंबर, बोअर, तारीख आणि दोघांच्या सह्या. नेताना एसटीत असो वा कोकण रेल्वेत, न ताणलेली, बंद पिशवीत, कागद खिशात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सणासुदीला जिल्ह्यात शस्त्रबंदीचे आदेश निघतात. नेमके सौद्याचे दिवस तेच असतात, म्हणून आधी पोलीस ठाण्यात विचारून मगच बंदूक हलवा.

घरी आणल्यावर पहिलं काम वॉशरचं. जुन्या बंदुकांच्या पिस्टनवर चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो, स्टोव्हच्या पंपात असतो तोच प्रकार, फक्त जाड. उघडताना स्प्रिंग आधीच दाबलेली असते हे विसरू नका. मागचा प्लग किंवा चापाचा सांगाडा सुटला की ती सगळं घेऊन बाहेर येते. सुतारी लांब क्लॅम्पमध्ये बंदूक आडवी धरून, मागच्या टोकाला लाकडी ठोकळा लावून, क्लॅम्पने ताण पेलूनच पिना काढा आणि हळूहळू सैल करा. डायना २७ आणि ३५ च्या अटकेत तीन पोलादी गोळ्या असतात. उघडताना खाली पांढरा पंचा अंथरा, नाहीतर एक तरी गोळी हरवतेच.

वॉशर फक्त सुकलेला असेल तर रात्रभर नीट्सफूट तेलात (चामड्याला लावायचं, गुरांच्या पायांपासून काढलेलं तेल) बुडवून ठेवल्यावर बरेचदा जिवंत होतो. कडा फाटल्या असतील तर नवा करा. चामडं वनस्पतींच्या सालीत कमावलेलं हवं, ३ मिमी जाड. घाट चढून कोल्हापूर गाठलं की बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चपलांचं चामडं मिळतं, ते या कामाला उत्तम. क्रोममध्ये कमावलेलं मऊ चामडं साच्याचा आकार धरत नाही. समजा सिलिंडरचं आतलं माप २५ मिमी आहे आणि वाटीची उंची ६ मिमी हवी, तर ३७ मिमीची चकती कापा. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. २५ मिमी भोकाच्या कड्यात १९ मिमीच्या गोल ठोकळ्याने दाबून बसवा, म्हणजे दोन्ही बाजूंना ३ मिमी चामड्याची जागा राहते. सावलीत दोन दिवस सुकू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका, चामडं सुकायच्या आधी बुरशी धरतं. मग काठ धारदार पात्याने सरळ करा, मधलं भोक पाडा आणि रात्रभर तेलात ठेवा. बसवताना मधला स्क्रू पूर्ण आवळला आहे आणि त्याचं डोकं वाटीच्या काठाच्या वर येत नाही हे पाहा. सैल स्क्रू सिलिंडरच्या टोकावर ठोके खातो.

खोबरेल तेल आत घालू नका. कोकणात हाताशी तेच असतं, म्हणून मोह होतो. ते पंचवीस अंशांखाली थिजतं, थंडीच्या सकाळी पिस्टन जड होतो, आणि काही महिन्यांत खवट होऊन चिकटा धरतं. शिलाई मशीनचं किंवा इंजिन ऑइलही पिस्टनच्या पुढे नको. दाबाने हवा तापते, तेलाची वाफ पेटते, 'फट्' असा मोठा आवाज आणि धूर येतो. माणसाला वाटतं बंदुकीत जोर आला. खरं तर स्प्रिंग आणि वॉशर दोन्ही त्यात मरतात. स्प्रिंगला घट्ट ग्रीस, पिस्टनच्या मागच्या घासणाऱ्या भागाला आणि अटकेला मॉलिब्डेनमचं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं, बस.

स्प्रिंग करून घ्यायची असेल तर तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि मोकळी लांबी, चारही मापं द्या. 'थोडी कडक करा' असं सांगू नका. कडक स्प्रिंगने छर्रा फारसा जोरात जात नाही, धक्का वाढतो, अटक झिजते आणि दस्ता तडकतो.

गंजाला सँडपेपर लावायचा नाही. आधी हलकं तेल लावून दोन दिवस सोडा, मग ०००० नंबरच्या स्टील वूलने तेलासकट हळू फिरवा. जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने घट्ट ठिपके खरवडता येतात, तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. नळी सुटी होत असेल तर तिचा चामडी वॉशर काढून, तेल पूर्ण पुसून, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात लांबट स्टीलच्या भांड्यात वीस-तीस मिनिटं उकळा. लाल गंज काळा होतो. बाहेर काढून गरम असतानाच कोरडी करा, वरची काळी भुकटी स्टील वूलने झाडा, लगेच तेल द्या. विहिरीचं पाणी यासाठी वापरू नका, त्यातले क्षार डाग पाडतात. नवं ब्लूइंग मी कधीच सुचवत नाही. डाग असलेलं मूळ ब्लूइंग नव्या काळ्या थरापेक्षा मोलाचं आहे.

जून ते सप्टेंबर ही खरी कसोटी. रेक्झिनच्या किंवा फोमच्या केसमध्ये बंदूक ठेवली की गंज आतच शिजतो. चामड्याची पेटी त्याहून वाईट, चामडं ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवतं. लाकडी कपाटात, भिंतीपासून सुटी, आडवी ठेवा. उभी ठेवायचीच तर तोंड खाली, नाहीतर तेल उतरून दस्त्यात मुरतं आणि मुठीजवळचं लाकूड कुजतं. ताणून कधीच ठेवायची नाही. कपाटात तळाला १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब चालू ठेवला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गरम राहते आणि दव धरत नाही. एलईडी उपयोगाचा नाही, त्याला तेवढी उष्णता नसते. सिलिका जेल वापरत असाल तर रंग बदलल्यावर ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास सुकवा. बाहेरून मेणाचा पातळ थर तेलापेक्षा टिकतो. हात लावला की प्रत्येक वेळी पुसा, घामातलं मीठ समुद्राच्या मिठाइतकंच वाईट. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी दस्ता आणि पोलाद जिथे भेटतात ती रेघ बघत राहा, गंज सुरू होतो तो तिथूनच. दस्ता वर्षातून दोनदा उतरवा, मेअखेर आणि दसऱ्याच्या सुमाराला, आणि मेच्या खेपेला सिलिंडरच्या खालच्या अंगाला मेण लावूनच परत बसवा.

काढलेले जुने भाग, फाटलेला वॉशर, वाकडी स्प्रिंग, झिजलेला स्क्रूसुद्धा, बंदुकीच्या नंबराची चिठ्ठी लावून डबीत ठेवा. मापं घ्यायला पुढे तेच लागतात, आणि बंदूक दुसऱ्याकडे गेली तर डबीही तिच्याबरोबर द्या.